आक्काच्या गोलाभोवतीची फुलं

फोनवरच्या लुडोत मी एकदाच पैसे घातले. आमचे हे त्यावरून अजून मला चिडवतात, लेक म्हणते ठीक आहे, आणि ते पैसे वाया गेले की नाही हे ठरवायला मला स्वतःला बरेच दिवस लागले. कुणाला सांगायला गेले तर हसतील, आणि मला धड सांगताही यायचं नाही, म्हणून लिहून ठेवते.

लुडो आमच्या घरात आला तो आक्कामुळे. आक्का माझी मोठी बहीण. तिचं सासर आंजर्ल्याला, माझं इथे रत्नागिरीत, मांडवीला. लग्नानंतर भेटी वर्षातून दोन-तीनदाच होत, पण हातात फोन आल्यापासून रोज बोलणं व्हायचं. म्हणजे बोलायची ती, मी ऐकायची. मला फोनवर काय बोलावं ते सुचत नाही. समोर माणूस असलं तरी सुचत नाही, पण तेव्हा निदान हातात काम असतं. आक्का फोन कान आणि खांदा यांच्यात धरून भाकऱ्या थापायची आणि तिच्या वाडीतल्या कोंबड्यांपासून सरपंचापर्यंत सगळ्यांची खबर मला द्यायची. मी मधेमधे "हं" म्हणायचे. एखाद्या दिवशी माझं "हं" कमी पडलं तर ती विचारायची, "आहेस ना गो?"

मागच्या गणपतीनंतर भावोजी गेले, म्हणजे आक्काचे यजमान. छातीत कळ आली म्हणाले आणि दापोलीला नेईपर्यंत संपलं. दिवसकार्य होईपर्यंत मी तिथेच होते. तोवर आक्का रडत होती, आल्यागेल्याशी बोलत होती. माणसं पांगली आणि ती गप्प झाली. मी फोन केला की तिची धाकटी जाऊ उचलायची. दोघी एकाच घरात राहतात. आक्का झोपल्येत, आक्का परड्यात गेल्येत, आक्का आंघोळीला बसल्येत, असं काहीतरी ती सांगायची. एकदा तिने बळेच फोन आक्काच्या हातात दिला, तर इकडे मी गप्प, तिकडे ती गप्प, मधे नुसता तिच्याकडच्या पंख्याचा आवाज. जन्मभर तिने माझ्या वाटचंही बोलून घेतलं होतं. आता ती बोलेना, तर मी कुठून बोलणार? मला बाकी काही नको होतं. तिने परत बोलावं, कोंबड्यांबद्दल का होईना, एवढंच वाटायचं.

लेकीच्या ध्यानात हे आलं असावं. ती इथेच बाजारात झेरॉक्सच्या दुकानात कामाला आहे. दिवाळीत ती मावशीला भेटायला आंजर्ल्याला गेली आणि येताना मावशीच्या फोनमध्ये लुडो घालून आली. मग माझ्याही फोनमध्ये घातलान. म्हणाली, "आई, इथे बोलायचं नाहीच. फासा टाकायचा, गोटी सरकवायची. मावशीला म्हटलंय, दुपारी तीनला येत जा."

लहानपणी आम्ही माहेरच्या अंगणात असाच खेळ खेळायचो. कोळशाने पट आखायचा आणि चिंचोके फोडून त्यांचे फासे करायचे. आक्का चिंचोके हातात घोळवून अशी टाकायची की तिला हवं तेच दान पडायचं. कसं ते मला अजून कळलेलं नाही.

तर मी तीनला बसायला लागले. सकाळी मला वेळ नसतो. मी फुलांच्या वेण्या करते. मोगरा, अबोली, शेवंती आणि दिवस असतील तेव्हा सुरंगी. बांधून झाल्या की स्टँडसमोर बसणारी फुलवाली घेऊन जाते. ती विकते, मी नुसती बांधते, ते मला बरं पडतं. दुपारी पडवीत बसून फोन उघडला की आक्काच्या नावापुढे हिरवा ठिपका दिसायचा. म्हणजे ती आलेली आहे. तो ठिपका बघितला की मला बरं वाटायचं. तिचा फोटो नव्हता. फोटोच्या जागी नुसता राखाडी गोल आणि खाली नाव.

खेळात चौघं लागतात. लेकीने एक ग्रुप केला होता. त्यात मी, आक्का, स्वतः लेक आणि आक्काची जाऊ. जावेला आम्ही बोलावलं नव्हतं, पण एकाच घरात असल्यावर तिला कोण थांबवणार? खेळताना एकमेकींवर वस्तू फेकता येतात. टोमॅटो, अंडं, गुलाब, चप्पल. गोटी मारली की जाऊ टोमॅटो फेकायची आणि खाली लिहायची, "घ्या, भाजी करा." मी काही लिहीत नसे. आक्काही लिहीत नसे. ती नुसती खेळायची, आणि जिंकायची.

या खेळात फुकट काय आणि पैशाचं काय ते मला हळूहळू कळलं. फासा टाकायला कॉइन लागतात. ते संपले की पैसे भरून आणखी घ्या म्हणून मोठ्ठा पिवळा चौकोन येतो. पण न घेता तसंच राहिलं तर दुसऱ्या दिवशी आपोआप थोडे मिळतात. ज्याला थांबता येत नाही त्याच्याकडून ते पैसे घेतात. मला थांबता येतं. मग सोन्याचा फासा आहे. तो लेकीने एकदा घेतला. टाकला की त्यातून ठिणग्या उडतात. आमचे हे बाजूला जाळं सांधत बसलेले असतात, त्यांनी बघितलं आणि म्हणाले, "सोन्याचा ना? मग एकच कसा पडला?" लेक रागावली, पण खरं होतं. त्या फाशालाही सहा बाजूच असतात. एक पट मोराच्या पिसांचा आहे. तो घेतला की आपल्या गोट्या कुठल्या आणि पिसं कुठली तेच समजत नाही. जावेने मुंबईच्या मुलाकडून पैसे भरून घेऊन डोक्यावर मुकुट घेतला होता. मुकुट घेतल्यापासून ती जास्त हरायला लागली असं मला वाटायचं, पण ते माझ्या मनाचं असेल.

सगळ्यात वाईट म्हणजे दान परत टाकायची सोय. वाईट दान पडलं तर पैसे भरा आणि पुन्हा टाका. ते मला मुळीच पटलं नाही. पडलं ते पडलं. एकदा आक्काला घरात जायला एकच हवा होता आणि लागोपाठ भलतंच पडत होतं. जावेने लिहिलं, "आक्का, भरा की पैसे, मी देते." आक्का थांबून राहिली. शेवटी तिला एक पडला तेव्हा माझ्या सगळ्या गोट्या घरात गेलेल्या होत्या. म्हणजे मी तिला पहिल्यांदाच हरवलं होतं, आणि मला त्याचा आनंद झाला नाही. पूर्वीची आक्का असती तर फोन करून भांडली असती.

असा हिवाळा गेला. रोज तीनला ठिपका, खेळ, मग ठिपका जायचा. बोलणं नाहीच.

सुरंगी सुरू झाली त्या सुमाराला आक्का तिच्या दिराबरोबर रत्नागिरीत आली. भावोजींच्या कसल्याशा दाखल्याचं काम होतं. दीर कचेरीत थांबले आणि ती माझ्याकडे आली. मी वेणी बांधत बसले होते. सुरंगीच्या कळ्या उमलायच्या आधी बांधाव्या लागतात, नाहीतर मधमाशा येतात, त्यामुळे मला मधे उठता येत नाही. आणि आमच्या घरची एक रीत आहे, सासूबाईंपासूनची. मी फुलं बांधत असताना जी बाई दारात येईल ती रिकाम्या केसांनी परत जात नाही. मासळीवाली असो, मीटर बघायला येणारी मुलगी असो. पाठीमागे जायचं आणि तिच्या केसांत माळायचं, तिने नको म्हणायच्या आत. बोलायचं काही नसतं, म्हणून मला ती रीत आवडते. आक्काला तर सुरंगी फार प्रिय. ती यायची असली की मी एक वेणी ओल्या फडक्यात तिच्यासाठी राखून ठेवायचे.

त्या दिवशी ती आत आली, खुर्चीवर बसली, टोपलीकडे बघितलं आणि खुर्ची थोडी मागे सरकवली. पदराचा काठ टोपलीला लागत होता तो उचलून मांडीवर घेतला. मी हातातली वेणी पुरी केली आणि बाकीच्या वेण्यांवर ठेवली. चहा झाला. दीर आले. ती गेली. तिचे केस मागून बघितले तर नुसता एक काळा आकडा लावलेला होता. संध्याकाळी फुलवाली वेण्या घेऊन गेली तरी पडवीत वास राहिला होता.

त्यानंतर काही दिवसांनी लुडोच्या दुकानात एक नवीन फ्रेम आली. फ्रेम म्हणजे फोटोच्या गोलाभोवती लावायची नक्षी. तोवर ज्या होत्या त्या आगीच्या, हिऱ्यांच्या, वाघाच्या तोंडाच्या. ही फुलांची होती. पांढरी फुलं, मधे पिवळा ठिपका, गोल गुंफलेली. काढणाऱ्याने मोगरा काढला असेल, पण मला ती सुरंगीच दिसली. गुंफण चुकीची होती, अशी वेणी हातात घेतली तर सुटून येईल. किंमत लिहिली होती. तेवढ्यात माझ्या काही वेण्या येतात. खाली दोन बटणं होती, एक स्वतःसाठी घ्या आणि दुसरं मैत्रिणीला भेट द्या.

मी दोन दिवस नुसती उघडून बघत होते. लेकीला विचारलं असतं तर तिने घेऊन दिली असती, पण मग का म्हणून तिला सांगावं लागलं असतं. फुलवाली मला पैसे फोनवरच पाठवते, ते होतेच. तिसऱ्या दुपारी घरात कुणी नसताना मी भेटीचं बटण दाबलं आणि आक्काचं नाव निवडलं. मला वाटलं, केसांत माळतो तसंच हे असेल. मी पाठीमागून जाईन, लावीन, आणि ते तिचं तिलाच कळेल.

तसं झालं नाही. फोनमधून ढोल वाजायला लागला. वरून पाकळ्या पडायला लागल्या. आणि पडदाभर मोठ्या अक्षरांत माझं नाव, मग बाण, मग आक्काचं नाव, खाली फुलांची फ्रेम भेट. आक्काच्या राखाडी गोलाभोवती फुलं येऊन बसली. लेकीचा ठिपका हिरवा होता. जावेचाही होता. मी घाबरून फोन उशीखाली ठेवला, तरी ढोल ऐकू येत होता. बाईला नवरा जाऊन वर्ष झालेलं नाही, आणि मी चारचौघांत वाजतगाजत तिला फुलं माळली होती.

धीर करून फोन परत काढला तेव्हा आक्काचा ठिपका गेलेला होता.

दुसऱ्या दिवशी तीनला तो आला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. गोलाभोवती फुलं तेवढी होती, पांढरीशुभ्र. मग जावेचाच फोन आला. ती फोनवरही अशी बोलते की पलीकडच्या पडवीत ऐकू जातं.

"काय गो, आमच्या आक्काला फुलं माळलीस? इथे वाडीभर झालंय. त्या ढोलाने आमची गाभण म्हैस दचकली."

मी विचारलं, आक्का काय म्हणाली.

"काय म्हणतील? त्या आमच्याशी तरी कुठे बोलतात. फोन बंद केलान आणि कपाटावर ठेवलान. तुमचं तुम्ही बघा बहिणी-बहिणी. मी आपली मुकुट घालून एकटी बसल्ये."

मी यांना सांगितलं. खेळाचंही सांगितलं आणि पैशांचंही. मला वाटलं पैशांवरून बोलतील. ते जाळ्याची गाठ मारत होते. म्हणाले, "वास न येणारी फुलं तू कशी घेतलीस? तू?" आणि हसले. मग माझ्याकडे बघितलं आणि हसायचे थांबले. म्हणाले, "फोनवर तुला बोलता येत नाही आणि तिला बोलायचं नाही. मग फोन करून काय होणार? जाऊन ये."

मी एकटी कधी आंजर्ल्याला गेले नव्हते. कुणी ना कुणी बरोबर असायचं आणि तिकीट तेच काढायचं. पण सकाळची एस.टी. पकडली, दापोलीला गाडी बदलली. कंडक्टरने कुठे जायचंय विचारलं तेव्हा पहिल्यांदा आवाज फुटला नाही, त्याने परत विचारलं. पिशवीत आक्कासाठी सुके बांगडे होते. आणि तळाशी स्टीलच्या डब्यात, ओल्या फडक्यात, एक सुरंगीची वेणी होती. ती का घेतली ते मला सांगता येणार नाही. काढणार तर नव्हतेच. निघताना हात गेला आणि घेतली.

आक्काच्या घरापुढच्या खळ्यात जाऊ भेटली. तिने मला बघून काही विचारलं नाही, बोटाने नुसतं मागच्या बाजूला दाखवलं. आक्का मागच्या पडवीत ओले काजू सोलत बसली होती. काजूचा चीक लागला तर हाताची साल निघते, म्हणून तिने कोपरापर्यंत खोबरेल चोपडलं होतं. तिने वर बघितलं. मी समोर बसले आणि मीही हाताला तेल लावून काजू घेतले. बराच वेळ आम्ही सोलत होतो. गर तिच्या पातेल्यात, सालं माझ्या बाजूच्या सुपात. माझ्या मनात एक वाक्य तयार होतं, गाडीत बसल्यापासून घोकलेलं, पण ते तोंडाशी येईना.

मग तीच म्हणाली, "सुरंगी आणल्येस."

मी पिशवीकडे बघितलं.

"पिशवीतून वास येतोय. दापोलीपासून गाडीभर आला असेल." तिने एक काजू फोडला. "डबा काढ. झाकण उघड आणि इथे ठेव, माझ्या बाजूला. हात लावत नाही, चीक आहे हाताला."

मी डबा तिच्या गुडघ्याजवळ उघडा ठेवला. कळ्या वाटेत उमलल्या होत्या. आम्ही परत काजू सोलायला लागलो. थोड्या वेळाने ती म्हणाली, "आत कपाटावर फोन आहे, तो आण. चालू कर."

मी हात धुऊन फोन आणला, चालू केला, तिच्यासमोर धरला. तिने मानेनेच सांगितलं, ते उघड. मी लुडो उघडला. तिचा राखाडी गोल आणि भोवती फुलं. ती बघत राहिली. मी तिच्या तोंडाकडे बघत नव्हते, फोनकडेच बघत होते.

"काढता येतं का हे?"

"येतं," मी म्हटलं. लेकीने मला निघायच्या आधी दाखवलं होतं. "इथे दाबायचं."

मी दाबायला बोट नेलं तर ती म्हणाली, "थांब. काढलं आणि मग परत घालावंसं वाटलं तर? परत घालता येतं?"

"येतं."

"कितीही वेळा?"

"कितीही वेळा."

तिने हातातला काजू फोडला, गर काढला, पातेल्यात टाकला. मग म्हणाली, "मला त्या दिवशी काढता येईना. कसं काढायचं ते कळेना, आणि काढायचंय की नाही तेही कळेना. म्हणून बंद करून ठेवला." आणि मग, "राहू दे मग. काढता येतं ना, झालं."

एवढं बोलणं तिने गणपतीनंतर माझ्याशी केलं नव्हतं.

जाऊ चहा घेऊन आली. तिने फोन बघितला, डबा बघितला. मला वाटलं आता ही काहीतरी बोलेल, आणि ती बोललीच. वाडीतल्या बायका विचारत होत्या म्हणाली, ती फुलं कुठे मिळतात, मोठी आहेत का, पिवळ्यात येतात का. आणि पुढे म्हणाली, "आमचा मुकुट बघा, कळकटला. आम्हाला कोण देतंय फुलं." आक्का तिला म्हणाली, "तुला चप्पल देते." जावेने कप माझ्या हातात दिला आणि हसत हसत आत गेली.

रात्री मी तिथेच राहिले आणि सकाळच्या गाडीने निघाले. डबा धुऊन माझ्या पिशवीत परत ठेवलेला होता. वेणी त्यात नव्हती. आक्का पोचवायला फाट्यापर्यंत आली, केसांना तोच काळा आकडा. वेणी कुठे ठेवली ते मी विचारलं नाही. तिच्या पदराला वास येत होता, पण तो आम्ही दोघी त्या डब्याशेजारी बसलो त्याचाही असेल.

घरी आल्यावर तीनला ठिपका आला. खेळ पूर्वीसारखा सुरू झाला. ती माझी गोटी मारून वर चप्पल फेकायला लागली, एवढाच फरक. फोनवर बोलणं अजून नव्हतं. मी एकदा लावून बघितला तर जावेने उचलला, आक्का बागेत गेल्येत म्हणाली. पण तिच्या गोलाभोवतीची फुलं होती, आणि ती तिने स्वतः राहू दिलेली होती. तेवढ्यावर मी समाधान मानलं. पैसे वाया गेले नाहीत असं मी यांना सांगितलंही.

तेव्हा लेकीने मला सांगितलं की ती फ्रेम महिनाभराचीच असते.

मला हे माहीत नव्हतं. खाली बारीक इंग्रजी अक्षरांत लिहिलेलं होतं म्हणे. महिना झाला की आपोआप जाते आणि परत पैसे भरावे लागतात. हे ऐकून आमचे हे इतके हसले की त्यांच्या हातातली सुई पडली. "फोनातली फुलं पण सुकतात?" म्हणाले. लेकीला राग आला होता, ही फसवणूक आहे म्हणत होती, आधी ठळक लिहायला नको का? तिचं बरोबर आहे, ठळक लिहायला हवं. पण मला फसल्यासारखं वाटलं नाही. माझी वेणी संध्याकाळपर्यंत टिकते. ती सकाळी विकत घेणारीला ते माहीत असतं, तरी ती घेते, आणि त्यावर माझं घर चालतं. महिनाभर टिकतात म्हटल्यावर त्या फुलांना मी काय नावं ठेवू?

मला काळजी दुसरीच होती. एका दुपारी आक्का खेळ उघडेल आणि नुसता राखाडी गोल दिसेल. तिला वाटेल, कुणीतरी काढून घेतली. कदाचित मीच घेतली असं वाटेल. तिला आधी सांगावं तर फोनवर बोलावं लागणार. परत भेट द्यावी तर परत ढोल. शिवाय दर महिन्याला मी देत राहिले तर ती तिची कधी होणार? मी काहीच केलं नाही. रोज तीनला आधी तिचा गोल बघायचे. फुलं आहेत ना, मग माझी गोटी.

उन्हाळा चढला. सुरंगी संपली आणि मोगरा भरात आला. एक दिवस तीनला फोन उघडला तर आक्काचा गोल रिकामा होता. ठिपका मात्र हिरवा होता. तिने फासा टाकला, मी टाकला, जावेने टाकला, लेकीने टाकला. आक्काची परत पाळी आली आणि ती थांबली. वेळ संपायचं वर्तुळ तिच्या गोलाभोवती फिरत होतं, पूर्ण झालं, आणि तिची पाळी गेली. ठिपकाही गेला.

मी फोन खाली ठेवला. मोगऱ्याच्या कळ्या पुढ्यात होत्या त्या उगाच निवडायला घेतल्या.

फोन वाजला. जावेचा असेल म्हणून मी तो हळूच उचलला. आवाज आक्काचा होता.

"गो, माझी फुलं गेली."

मी म्हटलं, हं. ती महिनाभराचीच असतात.

"मग आधी सांगायचंस की. मला वाटलं माझंच बोट कुठे लागलं. ही म्हणते पैसे भरले की परत येतात. कसे भरायचे? ही दाखवीत नाही, हिला स्वतःला येत नाही, हिला मुलाने करून दिलंय. ओरडू नकोस गो तू तिकडून, मी बहिणीशी बोलत्ये." शेवटचं जावेला होतं. "आणि ह्या वेळी ढोल वाजायला नको. स्वतःचं स्वतः घेतलं तर वाजतो का?"

मी म्हटलं, स्वतः घेतलं तर वाजत नसेल, लेकीला विचारते.

"विचार. आणि काजूबिया वाळवून ठेवल्यात तुझ्यासाठी, कुणी आलं तर पाठवते. यंदा पलीकडच्या वाडीत एक पोर झाडावरून पडलं, हात मोडला. त्याच्या आईने काय केलंन माहित्ये…"

मग ती बोलत राहिली. त्या पोराचं, त्याच्या आईचं, म्हशीला झालेल्या रेडकाचं, जाऊ मीठ किती घालते त्याचं. मागे तिच्याकडचा पंखा आणि भांड्यांचा आवाज येत होता. आमचे हे जाळं बाजूला ठेवून माझ्याकडे बघत होते. त्यांनी हातानेच विचारलं, कोण? मी बोटाने माझ्या केसांकडे दाखवलं. त्यांना कळलं. ते उठून आत गेले आणि चहा टाकला, एरवी तो मीच ठेवते.

मी फोन खांद्याने धरायला बघितला, तिच्यासारखा, म्हणजे कळ्या गुंफता येतील. तो घसरायला लागला तेव्हा माझं "हं" राहिलं असणार.

"आहेस ना गो?" आक्का म्हणाली.